गॅलरीतला देव

आमच्या घरी देव आला तेव्हा आई गॅलरीत गहू वाळत घालत होती. भर दुपारी खाली जीप थांबली आणि चार माणसं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड जिन्यावरून वर आणू लागली. पुढे बाबा. त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता आणि प्रत्येक पायरीला ते "हळू, हळू" म्हणत होते. मला वाटलं, कोणाला तरी लागलंय. आईलाही तसंच वाटलं असावं. ती धुळीचे हात तसेच घेऊन दाराशी आली आणि तिने विचारलं, "कोण?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "देव आहे. चार दिवस ठेवायचाय."

गोणपाट सोडलं तर आत गुडघ्याएवढ्या उंचीचा एक दगड. वर्षानुवर्षांचा शेंदूर बसून त्याला आकार असा राहिलाच नव्हता. वरच्या अंगाला चांदीचे दोन डोळे बसवले होते, त्यातला एक जरा खाली घसरलेला. त्यामुळे तो मान तिरकी करून काहीतरी ऐकतोय असं वाटायचं. माणसांनी त्याला गॅलरीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी टेकवलं. आईने गव्हाची चादर चारी टोकं धरून उचलली आणि आत नेली. जाता जाता बाबांना म्हणाली, "मी त्याला फूल वाहणार नाही. आधीच सांगून ठेवते."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत आम्हाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण अर्ध्या खोल्यांच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. गॅलरीतून भातशेतं दिसत, त्यांच्या पलीकडे खाडीची चमक, आणि या दोहोंच्या मधून लाल मुरुमाचा एक लांब पट्टा रोज थोडा थोडा पुढे सरकत असे. तो पट्टा टाकणं हे बाबांचं काम होतं. एका ठेकेदाराकडे ते साइट इंजिनिअर होते.

त्याआधी आम्ही ठाण्याला राहत होतो. तिथे माझा भाऊ गेला. तीन वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला, एवढंच मला सांगण्यात आलं. तो नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि त्या नऊ दिवसांत आईने घरातले देव पाण्यात ठेवले होते. पितळेच्या पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे बुडालेले. पोरगा घरी आला की बाहेर काढायचे, असं मावशीने मला समजावलं. मी तेव्हा आठ वर्षांची. श्वास कोंडला की देव ऐकत असतील, असा मी त्याचा अर्थ लावला होता, आणि येता-जाता पातेल्यात डोकावून बघायची. भाऊ गेल्यानंतर त्या पातेल्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पाण्यावर तवंग आला. तेराव्याला आलेल्या मावशीने ते सगळे देव बाहेर काढले, पुसले, आणि आईला विचारलं, "कुठे ठेवू?" आई म्हणाली, "तू ने." मावशी ते आपल्या घरी घेऊन गेली. आमचं देवघर नुसतं फडताळ झालं. त्यात आई चहा-साखरेचे डबे ठेवू लागली. बाबा आधीपासूनच काही मानत नव्हते, त्यामुळे आमच्या घरात देवाचं नाव घेणारं कोणी उरलं नाही.

आणि अशा घरात हा दगड आला.

तो का आला ते बाबांनी जेवताना सांगितलं. खाडीच्या बाजूला तीस-पस्तीस घरांची एक वाडी होती. तिथून रस्ता जाणार होता. घरं उठवली होती, माणसांना दुसरीकडे जागा दिल्या होत्या. अर्धी वाडी रस्त्याच्या अलीकडे, अर्धी नाल्याच्या पलीकडे. बांधावरच्या उंबराखाली होता तो त्यांचा गावदेव. अलीकडचे म्हणत, देऊळ आमच्याकडे होणार. पलीकडचे म्हणत, आमच्याकडे. ते भांडण महिनाभर मिटलं नाही, आणि त्या दिवशी मुरुमाचे डंपर उंबरापाशी येऊन उभे राहिले. दोन्हीकडची माणसं बांधावर जमली. देवाला कोणी उचलेना, आणि दुसऱ्याला उचलू देईना. शेवटी त्या देवाची पूजा करणारा म्हातारा बाबांपाशी आला आणि म्हणाला, "सायेब, तुमी घेऊन जा. तुमी कोनाचे नाय."

"पण तुम्ही तर मानत नाही," आई म्हणाली.

"नाही मानत." बाबांनी आमटीत भात कालवला. "पण ती सगळी माणसं बघत उभी होती. त्यांच्यादेखत त्याच्यावर माती कशी टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला दाराबाहेर खोकल्याचा आवाज आला. आईने दार उघडलं. जिन्याच्या पायरीवर तो म्हातारा बसला होता. काळा, हाडकुळा, डोक्याला लाल रुमाल, हातात तेलाची बाटली आणि केळीच्या पानात बांधलेली जास्वंदीची फुलं. तासभर चालत आला होता. घंटी वाजवायचं त्याला माहीत नव्हतं की संकोच वाटला, कोण जाणे. तो कधीच घंटी वाजवत नसे. पायरीवर बसून खोकत असे, आणि तो खोकला ऐकून आई दार उघडत असे.

"वयनी, जरा पानी द्याल का? त्याला आंगोल घालायची हाय."

आईने बादली दिली. तो गॅलरीत गेला, दगडासमोर उकिडवा बसला, आणि शेजारच्या घरातल्या माणसाशी बोलावं तसा बोलू लागला. "काय रं, झोप लागली का? डास हायत ना इथं? खाडीवर वारा होता, इथं नाय." मग पाणी घातलं, खांद्यावरच्या मळक्या पंच्याने पुसलं, तेल लावलं, दोन फुलं डोक्यावर ठेवली. मंत्र नाही, आरती नाही. हात जोडायचे तेही पटकन, निघताना निरोप घेतल्यासारखे.

चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. वाडीचं भांडण मिटेना. म्हातारा रोज येत राहिला. आई त्याला चहा देऊ लागली. आधी तो कप घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, माझ्यासाठी करवंटी चालेल. आई म्हणाली, "आमच्याकडे करवंट्या नाहीत, कपच आहेत. घ्या." तेव्हापासून तो कपाने पिऊ लागला आणि प्यायल्यावर कप स्वतः विसळून ठेवू लागला.

एकदा तो काखेत कोंबडा घेऊन आला. आम्ही शाकाहारी, इमारतीत बहुतेक तसेच. आई दारात आडवी उभी राहिली.

"इथं नाही चालणार हं बाबा."

"इथं नाय कापत, वयनी. नुसता दाखवतो. त्याने बघितला की खाली नेतो."

आई बाजूला झाली. म्हाताऱ्याने कोंबडा दगडासमोर धरला, मागून-पुढून दाखवला. कोंबडा आमच्या गॅलरीत ओरडला आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका बाहेर आल्या. त्या संध्याकाळी बाबांना सोसायटीच्या माणसांनी खाली बोलावून घेतलं. दगड, तेलाचे डाग, जिन्यात बसणारा म्हातारा, आणि आता कोंबडा. बाबा म्हणाले, "आठवडाभरात जाईल." ते असं प्रत्येक आठवड्याला म्हणत.

मग समोरच्या काकूंच्या यजमानांची चंद्रपूरला बदली झाली. काकूंनी पुष्कळ देव केले असावेत, त्यात जाता-येता आमच्या दगडालाही एक फूल वाहून गेल्या. बदली रद्द झाली. काकूंनी ती आमच्या दगडाच्या नावावर टाकली. पंधरा दिवसांत, दगडाबद्दल तक्रार करणारीच माणसं मंगळवारी आमच्या बाहेरच्या खोलीत चपला काढून रांगेत उभी राहू लागली. कोणाला मुलाची ॲडमिशन हवी होती, कोणाला नळाला पाणी. आई दार उघडून द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

"तुम्ही काय मागितलंत हो?" काकूंनी एकदा तिला विचारलं.

"आमचं मागून झालंय," आई म्हणाली.

अशाच एका मंगळवारी वीटभट्टीवरची एक बाई आली. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. कमरेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल होतं, त्याची मान खांद्यावर कलंडलेली. रांगेतल्या बायका तिच्यापासून जरा दूर सरकल्या. आई पाणी द्यायला बाहेर आली होती. तिची नजर त्या मुलाकडे गेली. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावला. मी आईला त्याआधी आणि त्यानंतर कधी असं ओरडताना ऐकलं नाही.

"याला इथे कशाला आणलंस? हा दगड आहे! डॉक्टरकडे ने! कोणी सांगितलं तुला इथे यायला?"

बाई रडू लागली. आईने पायात चपला सरकवल्या, ते मूल स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्या बाईला हाताला धरून खाली गेली. रिक्षा करून पनवेलला गेली. ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिच्या साडीवर खांद्यापाशी मुलाच्या ओकारीचा डाग होता. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने दार लावून घेतलं. मंगळवार बंद झाला. म्हाताऱ्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही, असं तिने मला बजावलं.

ते मूल जगलं. दोन आठवड्यांनी ती बाई पेढे घेऊन आली. तिला मात्र आईने आत घेतलं. बाईने दगडासमोर डोकं टेकवलं आणि आईला म्हणाली, "देवानंच तुमाला बुद्धी दिली, बाई."

"दिली खरी," आई म्हणाली. "उशिरा."

त्या बाईला ते कळलं नाही. मलाही कळायला वेळ लागला. ठाण्याला, भावाला पहिल्या दिवशी ताप आला तेव्हा आईचा गुरुवार होता. आरती करून, उपास सोडून मग डॉक्टरकडे जाऊ, असं ती म्हणाली होती. हे मला पुढे मावशीकडून समजलं. डॉक्टर म्हणाले होते की त्या चार-सहा तासांनी काही फरक पडला नसता. आईने ते कधी मानलं नाही.

पावसाळा अर्धा सरला आणि म्हातारा यायचा थांबला. पहिल्या दिवशी आईने दोनदा दार उघडून पायरीवर बघितलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी शाळेची तयारी करत होते तेव्हा ती तांब्या घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दगडावर पाणी ओतलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "धूळ बसलीये." चौथ्या दिवशी तिने त्याला पुसलं. पाचव्या दिवशी म्हाताऱ्याची तेलाची बाटली संपली म्हणून आमच्या स्वयंपाकातलं गोडेतेल लावलं. फूल नाही, हात जोडणं नाही.

त्याच सुमाराला एकदा पोटात दुखत होतं म्हणून मी शाळेतून लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई गॅलरीत पाटावर बसून गवार निवडत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ती बोलत होती. मला वाटलं, समोरच्या काकू आल्या असतील.

"इतकी वर्षं ती माणसं तुझ्या पायाशी बसली," ती म्हणत होती. आवाज अगदी साधा, भाजीवालीशी बोलावं तसा. "नारळ दिले, कोंबडे दिले. आणि मशीन आलं तेव्हा तू काय केलंस? बसून राहिलास. तुला गोणपाटात घालून आणावं लागलं."

तिने गवारीच्या चार शेंगा मोडल्या.

"मीसुद्धा बसूनच होते म्हणा. हॉस्पिटलच्या त्या बाकावर. नऊ दिवस. आत तो, बाहेर मी. आई गं म्हणून हाक मारायचा तर ऐकू यायचं, पण आत सोडायचे नाहीत. मी काय करणार होते? नुसतं बसणं काय असतं ते तुला माहीत असेल. दुसऱ्या कोणाला सांगून कळत नाही."

मी आवाज न करता मागे फिरले आणि जिन्यात जाऊन बसले, म्हातारा बसायचा त्याच पायरीवर. भाऊ गेल्यापासून आईने त्याचं नाव आमच्यासमोर घेतलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तो हाक मारत असे, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला त्या दगडाचा भयंकर राग आला. मी होते ना घरात. बाबा होते. आम्हालाही भाऊ हवा होता. तिने आमच्याजवळ बसून हे का सांगितलं नाही? आज माझं वय तेव्हाच्या आईपेक्षा जास्त आहे. तेव्हा तिला कोणाचीच उत्तरं नको असतील, असं मला आता वाटतं. आम्ही उत्तरं दिली असती. बाबांनी तर नक्कीच.

गणपतीच्या आधी एका सकाळी पाणी घालताना दगडाच्या खांद्याजवळचा शेंदराचा एक जाड पापुद्रा निखळून आईच्या हातात आला. आतून काळा, ओला दगड दिसू लागला. आई घाबरली. ज्याला ती हात जोडत नव्हती त्याच्यासाठी तिला घाबरलेलं बघून मीही घाबरले. तिने तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, बाबांकडून म्हाताऱ्याचा पत्ता घेतला, आणि रविवारी आम्ही दोघी निघालो.

नाल्याच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. शेवटच्या खोलीत म्हातारा बाजेवर पडला होता. त्याच्याजवळ त्याची विधवा सून होती, तिने आम्हाला बसायला गोधडी घातली. म्हातारा उठून बसायला बघत होता, त्याला जमलं नाही. छातीचा भाता झाला होता.

आईने वर्तमानपत्र उघडलं. "तुकडा पडला हो बाबा. माझ्या हातून पाणी जास्त झालं असेल."

म्हाताऱ्याने तो तुकडा डोळ्यांजवळ नेला. कडेला एकावर एक थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. तो नखाने ते दाखवू लागला. "ह्यो माझा. ह्यो माझ्या बापाचा. खालचा त्याच्या बापाचा असंल. घाबरू नका, वयनी. कात टाकतो तो मधी मधी."

आईने विचारलं, "बाबा, खरं सांगा. तो काही करतो का?"

सून चुलीपाशी होती, तिने वळून बघितलं. म्हातारा बराच वेळ खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला,

"माझे दोन पोर खाडीत गेले, वयनी. होडी उलटली. एक हिचा नवरा. तवाही तो तिथंच होता, उंबराखाली. खाडी तिथून दिसते." त्याने श्वास घेतला. "दुसऱ्या दिशी मी गेलो नाय त्याच्याकडे. तिसऱ्या दिशी पन नाय. बोललो, मर तिकडं. चवथ्या दिशी गेलो. त्याच्या अंगावर मुंग्या चढलेल्या. डोल्यांत, सगलीकडं. आता काय करनार? मुंग्या काढल्या. आंगोल घातली."

एवढंच. सुनेने कोरा चहा दिला, तो आम्ही प्यायलो. निघताना आई त्याच्या पाया पडली. भाऊ गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी तिला कोणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती माझा हात घट्ट धरून चालत होती आणि मला दुखत होतं, तरी मी सोडवून घेतला नाही.

दिवाळीनंतर म्हाताऱ्याची सून आमच्याकडे आली. ती बसेना. "त्याला सांगायला आले," एवढंच म्हणाली. आई बाजूला सरली. सून सरळ गॅलरीत गेली, दगडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हातारा गेला." एखाद्या नातेवाइकाला कळवावं तसं. मग चहा न घेता निघून गेली. म्हाताऱ्याला जाऊन चार दिवस झाले होते.

त्यानंतर सकाळची आंघोळ आईच घालत राहिली. मी तिला कधी विचारलं नाही. बाबा कधीमधी साइटवरून येताना खिशातून दोन जास्वंदी काढून पिंपाच्या झाकणावर ठेवत आणि पाय धुवायला जात. आई ती फुलं दगडावर ठेवत असे. वाहते असं ती म्हणायची नाही, ठेवते म्हणायची. आमच्या घरातले ते तीन महिने शांत होते. आनंदाचे म्हणवत नाही. पण संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून माझा अभ्यास घेऊ लागली होती, आणि एकदा भावाचा जुना स्वेटर उसवून त्या लोकरीची माझ्यासाठी टोपी विणायला तिने घेतली.

माघात वाडीचं भांडण मिटलं. देऊळ अलीकडच्यांकडे, पलीकडच्यांना समाजमंदिर. पांढरे शर्ट घातलेली तरुण मुलं टेम्पो घेऊन आली. खाली ताशा वाजत होता. आईने त्या सकाळी दगडाला दोनदा आंघोळ घातली. घसरलेला डोळा हलत होता, तो मेणाने नीट बसवला. एक मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही एवढं सांभाळलंत, तुमचा सत्कार करणार आम्ही." आई म्हणाली, "जिन्यात सांभाळा. वळणावर अरुंद आहे."

उचलणाऱ्यांत बाबाही होते. वळणावर दगड खाली टेकवावा लागला. बाबा धापा टाकत पायरीवर बसले, दगड कलंडू नये म्हणून त्याच्याभोवती एक हात टाकून. वरून आईने विचारलं, "लागलं का?" बाबांनी वर बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. ती कोणाला विचारत होती ते आम्हाला कळलं नाही. गुलाल उडाला, टेम्पो निघाला. आई खाली आली नाही.

त्यानंतर ती आजारी पडली असं म्हणता येणार नाही, कारण ताप नव्हता की दुखणं नव्हतं. पण ती आडवी झाली ती उन्हाळा संपेपर्यंत. सकाळी उठायची, बादली भरायची, गॅलरीच्या दारापर्यंत जायची आणि तिथून परत फिरून अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून झोपायची. पनवेलच्या डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलं. भात मी लावायला शिकले, पोळ्या बाबा बाहेरून आणत. टोपी सुयांवरच राहिली. आमच्या घरातून दुसऱ्यांदा कोणीतरी गेलं होतं, आणि या वेळी तर समाचाराला यायचंही कोणाला कारण नव्हतं.

ती हळूहळू उठली. जून महिन्यात माझी शाळा सुरू झाली आणि कोणीतरी डबा करायला हवाच होता.

देऊळ बांधून व्हायला दीड-पावणेदोन वर्षं लागली. आम्हाला आमंत्रण आलं नाही, सत्कारही विसरला गेला. मी आठवीत होते तेव्हा एका सकाळी आई आपणहून म्हणाली, "चल, जाऊन येऊ." रस्ता तोवर पुरा झाला होता, त्यावरून ट्रक धावत होते. उंबर कुठे होता ते आम्हाला ओळखू आलं नाही. देवळाला बाहेरून फरशा लावल्या होत्या, आत संगमरवराची नवी मूर्ती होती, मुकुट, शस्त्र, रेखीव मिशा असलेली. आईने इकडेतिकडे पाहिलं. मग तिला तो दिसला. गाभाऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, लाऊडस्पीकरच्या खोक्याआड. अंगावर शेंदूर होता, पण सुकून भेगाळलेला. चांदीचे डोळे काढून नव्या मूर्तीला लावले असावेत. त्यांच्या जागी नुसते दोन खड्डे होते.

पुजारी तरुण होता, बाहेरगावचा. आई त्याला म्हणाली, "त्याला जरा पाणी घालू का?"

"कोणाला?"

आईने बोट दाखवलं.

"तो जुना हाय. तिकडं जाता नाय येणार, फरशी खराब होते. इथं समोर हात जोडा ना."

"तुम्हाला नको असेल तर आम्ही घरी नेतो."

तो हसला. आईची चेष्टा करायची म्हणून नव्हे. "देव असा कोनाला देतात का, बाई?"

आई कठड्याला धरून काही वेळ उभी राहिली. मग आम्ही निघालो. वाटेत ती माझ्याशी शाळेबद्दल दोन-चार गोष्टी बोलली. पुढे पनवेल सोडेपर्यंत ती त्या देवळात परत गेली नाही.

घरी बाबा पेपर वाचत बसले होते. आम्ही कुठे गेलो होतो ते त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "कसा आहे?"

"मागे ठेवलाय," आई म्हणाली. "अंधारात."

"आंघोळ घालतात का?"

"नाही वाटत."

बाबांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली. "मी उगीच आणला त्याला तिथून," ते म्हणाले. "माती टाकली असती तर निदान आपल्या जागेवर राहिला असता."

"असं बोलू नका," आई म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने मला ताटं घ्यायला हाक मारली.